मैदान थोडं खाली घेऊ या

(दहावी १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख "कोपनहेगनहून खास मेळाव्यासाठी आलेल्या" अशी करून दिली गेली. खरं सांगायचं तर आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि तारखा जुळून आल्या. आई मागे बसली आहे, तिच्यासमोर खोटं कशाला बोलू!

मला विषय दिला होता "माझा परदेशातला प्रवास". दहा मिनिटं. मी स्लाइड्सही केल्या होत्या. पण परवा संध्याकाळी शाळेत चक्कर मारायला गेले आणि त्या स्लाइड्स तशाच राहिल्या. आज मी बोलणार आहे ते आपल्या मैदानाबद्दल आणि आपण शाळेला जी भेट द्यायचं ठरवलं आहे तिच्याबद्दल. थोडं जास्त वेळ बोलेन. जेवणाच्या पंगतीची वेळ मला माहीत आहे, काळजी करू नका.

आपण काय ठरवलं ते एकदा आठवून देते. गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपवर वर्गणी जमली, अकरा लाखांच्या वर गेली, आणि त्यातून शाळेच्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवून द्यायचे असा ठराव झाला. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल, दोन्ही कायमचं बंद. ग्रुपवर मतं मागवली तेव्हा पहिला अंगठा माझा होता. ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये बसून, काही न वाचता, दिलेला. तेव्हा आज मी जे बोलणार आहे ते आधी माझ्याच विरोधात आहे, हे लक्षात असू द्या.

आता कोपनहेगन. २ जुलै २०११, शनिवार. मला तिथं जाऊन तीन वर्षं झाली होती. ओस्टरब्रो नावाच्या भागात एका जुन्या विटांच्या इमारतीत आम्ही राहत होतो. त्या दिवशी जवळच रॉस्किल्डेचा मोठा संगीत महोत्सव चालू होता, सगळं तरुण शहर तिकडं. दुपारी हवा दमट होती, अगदी आपल्याकडच्या मेअखेरीसारखी, म्हणून मला छान वाटत होतं. संध्याकाळी ढग भरून आले आणि पाऊस सुरू झाला. मी खिडकीत उभी राहून नवऱ्याला म्हटलं, "बघ, हा खरा पाऊस!" तिथला नेहमीचा पाऊस म्हणजे कोणीतरी तोंडावर ओला रुमाल झटकल्यासारखा. अर्ध्या तासानं कौतुक संपलं. शहराच्या काही भागांत दोन-अडीच तासांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. एरवी तिथं दोन महिन्यांत पडतो त्याहून जास्त. महामार्गावर पाणी साचलं, एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरून रुग्णांना हलवायची वेळ जवळजवळ आली होती. एकूण नुकसान सहा अब्ज क्रोनरच्या घरात मोजलं गेलं.

आमच्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात एक जाळीची खोली होती. पाणी जिन्यावरून खाली येईल म्हणून लोक दाराशी वाळूच्या पिशव्या रचत होते आणि पाणी आलं ते खालून, तळघराच्या मोरीतून उलटं. कारण त्या शहरातल्या बऱ्याच भागात पावसाचं पाणी आणि घरांचं सांडपाणी एकाच पाइपातून जातं. पाइप भरला की तो जिथं सगळ्यात खालचं तोंड मिळेल तिथून बाहेर येतो. आमच्या खोलीत पुठ्ठ्याची चार खोकी होती. त्यांतल्या एकात माझी शाळेची सगळी इस्टेट: भूगोलाची नकाशावही, बक्षिसाची दोन पुस्तकं, आणि दहावीच्या निरोप समारंभाची ऑटोग्राफ बुक. तुम्हा सगळ्यांच्या सह्या, ते "स्माइल प्लीज" आणि "विसरू नकोस" सगळं गटाराच्या पाण्यात लगदा झालं. विम्याचे पैसे मिळाले. फॉर्ममध्ये ऑटोग्राफ बुकची किंमत किती लिहायची हे मला सुचेना, म्हणून ती ओळ मी कोरी सोडली.

त्यानंतर त्या शहरानं काय केलं, हे सांगायचं आहे. मी पाण्याची इंजिनिअर नाही, संगणकाची आहे. पण आमच्या सोसायटीच्या बैठकांना मी हौसेनं जाते आणि घराशेजारीच कामं झाल्यामुळे ती उभी राहताना बघितली आहेत.

पहिला विचार कोणाच्याही मनात येतो तो म्हणजे पाइप मोठे करा. त्यांनी हिशेब मांडला. तिथला नेम असा की गटारं साधारण दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाला पुरली पाहिजेत. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी सगळ्या शहराखालचे पाइप बदलायचे, तर प्रत्येक रस्ता खणायचा, खर्च प्रचंड, आणि ते एवढे मोठे पाइप वर्षानुवर्षं रिकामेच राहणार. मग त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला. जास्तीचं पाणी जमिनीच्या वरूनच नेलं तर? तसंही ते वरून जाणारच आहे. प्रश्न एवढाच की ते कुठून जाईल आणि कुठं थांबेल, हे आपण ठरवायचं की पाण्यानं.

२०१२ मध्ये शहराची ढगफुटी योजना मंजूर झाली. डॅनिश भाषेत ढगफुटीला "स्कायब्रूड" म्हणतात, म्हणजे ढगच फुटणं. शब्दश: आपलाच शब्द! योजनेत सुमारे तीनशे कामं, वीस वर्षांत करायची. उद्दिष्ट अगदी साधं लिहिलेलं आहे: शंभर वर्षांतला पाऊस आला तरी, मुद्दाम ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर रस्त्यावर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साचता कामा नये. दहा सेंटिमीटर म्हणजे घोट्यापर्यंत. उंबऱ्याच्या आत नाही.

त्यासाठी काही रस्त्यांचा आकारच बदलायचा, मधे खोलगट, कडा उंच, म्हणजे तो रस्ता तेवढ्या दोन तासांपुरता ओढा होतो आणि पाणी बंदराकडं जातं. काही गल्ल्यांमध्ये उलट, पाणी अडवायचं, झाडांच्या आळ्यांत, दगडगोट्यांच्या खड्ड्यांत, म्हणजे ते खाली उशिरा पोचेल. आणि बागा, चौक, खेळाची मैदानं ही मोठी भांडी. बाग नव्यानं करायचीच आहे, फुटपाथ बदलायचेच आहेत, मग त्याच पैशात, त्याच खोदाईत पाण्याचंही काम उरकायचं. कोणाला पाण्याची योजना नको असते, पण दारात झाडं आणि बाक सगळ्यांना हवे असतात. त्यांनी या दोन्ही गोष्टी एकाच नकाशावर काढल्या.

आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर टोसिंगे प्लास नावाचा चौक आहे. आधी तिथं डांबर, पार्किंग आणि एक उतरतं गवत होतं, जिथं लोक फक्त कुत्री फिरवायला जायचे. २०१४ च्या शेवटी तो नव्या रूपात खुला झाला. पार्किंगच्या जागा गेल्या म्हणून केवढी भांडणं! मी मीटिंगला गेले तेव्हा एक आजोबा तावातावानं बोलत होते आणि मला आपल्या पेठेतल्या गणेश मंडळाची बैठक आठवत होती. आता तो चौक एका बाजूला वाडग्यासारखा खाली गेलेला आहे. आजूबाजूच्या छपरांचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत येतं आणि मुलं खेळता खेळता ते पाणी वर उपसतात. उलट्या छत्र्यांसारखी मोठी शिल्पं उभी आहेत, ती पाऊस झेलतात. रस्त्यावरचं पाणी मात्र त्यांनी वेगळं ठेवलं आहे, कारण हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते झाडांना मानवत नाही.

जवळच सांक्ट केल्ड्स प्लास म्हणून एक भलंमोठं वाहतुकीचं वर्तुळ होतं. तिथला आणि लगतच्या रस्त्याचा बराच डांबराचा भाग काढून टाकला, जवळजवळ सहाशे नवी झाडं लावली आणि त्यामधल्या खोलगट जागांत पाणी मुरायची सोय केली. माझी मुलगी त्याला "जंगल चौक" म्हणते.

आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एंगहावे पार्क. ही बाग जवळजवळ शंभर वर्षांची, गुलाबांचे वाफे, कारंजं, खेळाचं मैदान, सगळी नेमस्त, रेखीव. २०१९ मध्ये ती नव्यानं उघडली तेव्हा बघायला गेले आणि मला वाटलं, काहीच बदललेलं नाही! मग लक्षात आलं की खेळाचं मैदान पूर्वीपेक्षा खोल आहे आणि बागेच्या उताराकडच्या बाजूंना एक बुटकी भिंत आहे. लोक त्यावर बसून डबा खातात. ढगफुटी झाली तर त्या बागेत २२,६०० घनमीटरच्या आसपास पाणी मावतं. सव्वादोन कोटी लिटर. एरवी तिथं मुलं हॉकी खेळतात.

सगळं सोन्यासारखं आहे असं समजू नका. बरीच कामं अजून व्हायची आहेत. गळलेल्या पानांनी जाळ्या तुंबतात. आणि पैशाचा घोळ होता: पाण्याच्या कंपनीचा पैसा पाइपात घालायचा, बागेत नाही, असा कायदा. शेवटी कायदा बदलला आणि रस्त्यावरच्या, बागेतल्या कामाचा पाण्यापुरता भाग पाणीपट्टीतून द्यायची मुभा मिळाली. माझ्या मते त्या सगळ्या योजनेतली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. झाडं कोणीही लावतं. दोन खात्यांचे पैसे एका खड्ड्यात घालायला मात्र कायदा करावा लागला.

आता तुम्ही म्हणाल, तिकडचं इकडं कशाला? मीही हेच म्हणत आले. आपल्या पुण्याचा वर्षाचा पाऊस आणि कोपनहेगनचा, दोन्ही साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण तिथं तो बारा महिने थोडा थोडा पडतो आणि आपल्याकडं चार महिन्यांत उरकतो. शिवाय आपल्या पायाखाली काळा कातळ. तीन-चार फूट माती-मुरूम, खाली दगड. त्यामुळे "जमिनीत मुरवा" हा मंत्र आपल्याकडं अर्धाच चालतो. पाणी मुरेल तेवढं मुरेल. मुख्य काम त्याला थोडा वेळ बसवून ठेवण्याचं आहे.

आणि ही कल्पना आपल्याला नवी थोडीच आहे? सारसबागेतल्या गणपतीला आपण तळ्यातला गणपती का म्हणतो? पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबील ओढ्याचं पाणी अडवून तळं केलं होतं. तळं गेलं, बाग झाली, नाव राहिलं. मुंबईत हिंदमाताला दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी. तिथं महापालिकेनं दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. पावसाच्या जोरात पाणी पंपानं तिथं न्यायचं आणि भरती-पाऊस ओसरला की सोडायचं. वर मुलं क्रिकेट खेळतात. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली. त्याहून जास्त पडलं की कुठंतरी ते थांबायलाच हवं. आम्ही संगणकवाले याला बफर म्हणतो. दिवाळीच्या सेलला एकाच वेळी लाख लोक आले तर सर्व्हर लाखपट मोठा करत नाहीत, लोकांना रांगेत उभं करतात. पाण्याचंही तेच.

परवाची गोष्ट सांगते. मी शाळेत गेले तेव्हा मागच्या फाटकापाशी मामा भेटले. आपले घंटेचे मामा. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन बसतात. मला त्यांनी ओळखलं नाही, आईच्या नावावरून ओळखलं. ते शाळेच्या मागच्या गल्लीत राहतात, आपल्यापैकी कितीजणांना माहीत होतं? मला नव्हतं. पाच वर्षं त्या फाटकातून जा-ये केली, कधी विचारलं नाही.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तुम्हा इथं राहणाऱ्यांना मी काय सांगणार. आंबील ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, पुण्यात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. मी तिकडं फोनवर व्हिडिओ बघत होते. मामांच्या घरात त्या रात्री कमरेइतकं पाणी होतं. मामी आजारी होत्या, त्यांना शेजाऱ्यांनी खांद्यावर घेऊन आपल्याच शाळेच्या जिन्यात आणून बसवलं. घरातलं धान्य, गादी, नातीची दप्तरं, सगळं गेलं. विमा वगैरे अर्थातच नव्हता.

मी म्हटलं, "मामा, ओढा एवढा वर आला?" तर मामा म्हणाले, "ओढा नंतर आला गं. आधी शाळेचं आलं."

मला कळेना. मग त्यांनी मला फाटकातून दाखवलं. इमारतीच्या छपराचे सगळे पाइप मागच्या अंगणात उतरतात. अंगणात पूर्वी माती होती, तिथं आता सिमेंट आहे. मैदानाचा उतार मागच्या फाटकाकडं. फाटकाखाली वीतभर फट. फटीतून सरळ गल्लीत, आणि गल्ली पुढं ओढ्याकडं उतरते. पण ओढा भरला की ते पाणी पुढं जाऊच शकत नाही. ते मामांच्या उंबऱ्यापाशी थांबतं. मामा हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते हो. पुढं म्हणाले, "आता तुम्ही लोक फरशी घालताय म्हणे मैदानाला. चांगलंय, पोरांना धूळ नाही लागणार."

त्या वाक्यानंतर मी घरी जाऊन स्लाइड्स उघडल्याच नाहीत.

काल सकाळी आपल्यातल्याच एकाला फोन केला. पेव्हर ब्लॉकची कल्पना ज्याची, त्यालाच. नाव घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसून हसतो आहे. त्याचा बांधकामाचा धंदा आहे आणि हे काम तो ना नफा ना तोटा करून देणार होता, हे आधी सांगितलं पाहिजे. त्याचा मुद्दाही खरा आहे: धुळीनं मुलं खोकतात, मुख्याध्यापकांकडं पालकांच्या चिठ्ठ्या येतात. तो टेप घेऊन आला. आम्ही दोघांनी मैदान मोजलं. साठ मीटर बाय पन्नास, म्हणजे तीन हजार चौरस मीटर. छप्पर आणि अंगण मिळून आणखी बाराशे.

आता भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून फळ्यावर केल्यासारखं करते. कोपनहेगनएवढा नको, त्याहून हलका पाऊस घेऊ. दोन तासांत शंभर मिलिमीटर. बेचाळीसशे चौरस मीटरवर शंभर मिलिमीटर म्हणजे चारशे वीस घनमीटर. चार लाख वीस हजार लिटर. दहा हजारांचे बेचाळीस टँकर. सगळं कठीण फरसबंद असेल तर यातलं जवळजवळ सगळं दोन तासांत मागच्या फाटकातून बाहेर पडणार. सेकंदाला अठ्ठावन्न लिटर. दर सेकंदाला तीन-चार बादल्या मामांच्या गल्लीत ओतायच्या, दोन तास.

आजही ते काही कोरडं राहत नाही. मैदानाची माती पायांनी इतकी घट्ट झाली आहे की तिच्यात फारसं मुरत नाही. म्हणजे पेव्हरनं सगळा पूर येणार आणि मातीनं थांबणार, असं भाबडं मी सांगणार नाही. पण तेच मैदान आपण पंधरा सेंटिमीटर खाली घेतलं तर? वीतभरसुद्धा नाही. तीन हजार चौरस मीटर गुणिले पंधरा सेंटिमीटर, साडेचारशे घनमीटर. बेचाळीसच्या बेचाळीस टँकर मैदानातच मावतात.

मग ते पाणी एका चार इंची पाइपानं, जाळी लावून, हळूहळू सोडायचं. गल्लीत नाही, पुढच्या रस्त्याच्या पावसाळी गटारात. कोपऱ्यात छोटा हौद करून पाइप खोल ठेवला तर दिवस-दीड दिवसात मैदान रिकामं. सेकंदाला अठ्ठावन्न लिटरच्या जागी पाच-सहा. एक लहान कळशी. मैदान भरून वाहिलंच, तर पुढच्या बाजूचा काठ थोडा खाली ठेवायचा, म्हणजे ओसंडेल ते रस्त्यावर, उंबऱ्यावर नाही.

डासांचं काय, असं काल रात्री ग्रुपवर लगेच विचारलं गेलं. बरोबर प्रश्न. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो. दीड दिवसात पाणी गेलं तर प्रश्न नाही. न गेलं तर जाळी तुंबली आहे असं समजायचं आणि कोणीतरी जाऊन ती काढायची. ते कोणीतरी कोण, हा खरा प्रश्न. त्याकडं येते.

धुळीसाठी भिंतीच्या कडेनं दीड मीटर रुंदीचा पट्टा खणायचा, त्यात खाली खडी, वर माती, आणि झाडं. छपराचे पाइप अंगणात न सोडता या पट्ट्यात सोडायचे. एक टाकी ठेवायची आणि उन्हाळ्यात मैदानावर सडा मारायला तीच वापरायची. जाण्यायेण्याच्या वाटेवर, प्रार्थनेच्या जागी, पेव्हर ब्लॉक जरूर घालू. तिसऱ्या रांगेतल्या मित्राचं तेवढं काम आहेच!

आणि खो-खो. अहो, पेव्हर ब्लॉकवर सूर कोण मारणार? १९९३ च्या आंतरशालेय सामन्यात आपल्या मुलींच्या संघानं शेवटच्या मिनिटाला जो गडी बाद केला, तो सूर मारून. ती इथं बसली आहे, तिच्या गुडघ्यावर अजून वण आहे, पण तो मातीचा वण आहे. फरशीवर मारला असता तर ती आज जिना चढून वर आली नसती.

पैशांबद्दल. काल आम्ही दोघांनी ढोबळ अंदाज काढला. माती काढणं, मुरूम, उतार, पाइप, हौद, कडेचा पट्टा, टाकी. आपल्या रकमेच्या निम्म्यात, फार तर थोडं वर, बसतं असं तो म्हणतो. माझी विनंती अशी की उरलेले पैसे खर्चच करू नयेत. शाळेच्या नावानं ठेव ठेवू आणि तिच्या व्याजातून दर मे महिन्यात हौदातला गाळ आणि जाळ्या साफ करायच्या, पावसाळ्यात एका माणसाला महिन्याचे पैसे द्यायचे. मामांचा धाकटा मुलगा रिक्षा चालवतो, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, पाणी माझ्याच घरात येतं, मी नाही बघणार तर कोण बघणार?" उद्घाटनाची कोनशिला लहान करू. गाळ काढण्याला कोनशिला लागत नाही.

यानं काय होणार नाही तेही सांगते, कारण नंतर कोणी मला फोन करू नये. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत जे पाणी शिरलं ते धरणातून सोडलेलं, नदीचं. त्याला आपल्यासारखी शंभर मैदानं पुरणार नाहीत. ओढाच पात्र सोडून आला तर मामांच्या घरात पुन्हा पाणी येईल. आपण फक्त आपल्या छपराचं आणि आपल्या मैदानाचं पाणी त्यांच्या दारात न पाठवण्याची व्यवस्था करतो आहोत. वरच्या बाजूला दोन सोसायट्यांची पार्किंगं आणि एक मंगल कार्यालय आहे, त्यांचं पाणीही त्याच गल्लीत येतं. मंगल कार्यालयाच्या मालकीणबाई आपल्याच शाळेच्या, आपल्यापुढं चार वर्षं. त्यांना बघायला बोलवायचं आहे.

मुख्याध्यापकांशी आज सकाळी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं असं की संस्थेची परवानगी लागेल, महापालिकेच्या मलनिस्सारण विभागाला पाइप जोडायचा अर्ज करावा लागेल, आणि एखाद्या स्थापत्य अभियंत्याचा सहीचा नकाशा लागेल. तिन्ही रास्त आहे. आपल्या तुकडीत स्थापत्यवाले चार आहेत, मी मोजून ठेवले आहेत. माझ्या आकड्यांत चूक असेल तर ती त्यांनी काढावी, मला आनंद होईल. फक्त ठराव बदलायचा की नाही, हे आज जेवणाआधी हात वर करून सांगा. माझा पहिला अंगठा मी मागे घेते आहे, तो ग्रुपवरूनही काढला आहे.

उद्या रविवार. सकाळी आठ वाजता मैदानावर या. गवंड्याची पाण्याची नळी मिळाली आहे, दोन टोकांना दोघं लागतात, उतार नेमका कुठं किती आहे ते मोजायचं आहे. परवा फक्त नजरेनं बघितलं. मामा चहा करणार आहेत, कप मात्र कमी आहेत, तेव्हा ज्यांना शक्य आहे त्यांनी आपापला कप आणा. आणि ज्यांच्या सह्या माझ्या वहीतून गेल्या त्यांनी येताना पेनही आणा, मी नवी वही घेतली आहे.